मदत हवी आहे: कोड उत्तम लिहिणारा पण माणसं पळवून लावणारा सहकारी, ओपन सोर्स प्रकल्पातून त्याला कसं थांबवायचं?

नमस्कार मंडळी,

जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणणारं एक छोटं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, साधन आम्ही तिघं सांभाळतो. जुने दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, कुणाच्या आजोबांचं अप्रकाशित लिखाण, असं बरंच काही लोकांनी त्यातून सोडवलंय. काम वरून दिसतं त्याहून किचकट आहे. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफाराचं नेमकं उलटं.

तिघांपैकी एकाबद्दल हा धागा आहे. निम्म्याहून जास्त कोड त्याचा आहे. रात्री दोनला कुणी बग टाकला तर सकाळी तो दुरुस्त झालेला असतो. त्याच्याशिवाय हे साधन उभंच राहिलं नसतं, हे मी आधीच कबूल करते.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीनं आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल सामावून घ्या अशी विनंती) आमच्याकडे पाठवली. 'वऱ्हाड', 'दुसऱ्या' यांतला र चुकीचा येत होता, तो तिनं दुरुस्त केला होता. हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक नुक्ता असलेला ऱ घेऊन, दुसरा साध्या र ला हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) जोडून. तिनं दुसरा प्रकार वापरला. आमचं बाकीचं साधन पहिला वापरतं, म्हणजे त्याचा आक्षेप बरोबरच होता. एका ओळीत सांगून झालं असतं. त्यानं अकरा कॉमेंटी लिहिल्या. त्यात तिचं कॉलेज काढलं, 'मराठी धड येत नाही त्यांनी मराठीच्या कामात हात घालू नये' असंही लिहिलं. तिनं पुल रिक्वेस्ट स्वतःच बंद केली. मी तिला दोनदा मेल लिहिली, उत्तर आलं नाही.

मग मी मागचं वर्ष चाळलं. पाच नवे लोक आले होते. चौघांचा पहिला रिव्ह्यू (आलेल्या कोडची तपासणी) त्यानं केला होता, आणि त्या चौघांपैकी कुणीही परत आलेलं नाही. हे बघून मला झोप लागली नाही. तो रागावतो तेव्हा आम्हाला दिसतं, निघून गेलेली माणसं मात्र दिसतच नाहीत.

दुसरा त्रास म्हणजे ठरलेले विषय पुन्हा उघडणं. चर्चेला कुलूप लावून बघितलं, पण आमचा कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबवर कुलूपबंद चर्चेतही राईट अ‍ॅक्सेस (कोड बदलायची परवानगी) असलेल्याला लिहिता येतं आणि तो त्याच्याकडे आहेच.

मोठे प्रकल्प काय करतात ते वाचलं. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्स कर्नलनं (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पानं) आचारसंहिता स्वीकारली. त्याच सुमारास लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीकॅशेफएस या फाइलसिस्टिमचे (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीचे) केंट ओव्हरस्ट्रीट यांचा सहभाग, एका सहकाऱ्याला लिहिलेल्या मेलवरून, कर्नलच्या ६.१३ आवृत्तीच्या कामापुरता मर्यादित केला गेला. त्या काळात त्यांच्या पुल रिक्वेस्ट घेतल्या गेल्या नाहीत. पण तिथे समिती आहे, आम्ही तिघंच.

मला विचारायचंय ते असं. आमच्याकडे लिखित नियम एकही नाही. आता नियम करून त्याला लावले तर तो अन्याय होईल का? त्याला काढायचं की फक्त रिव्ह्यूपासून दूर ठेवायचं? आणि सगळ्यात अवघड: पायपीआयवर (पायथनची पॅकेजेस लोक जिथून उतरवून घेतात तिथे) पॅकेजचा मालक म्हणून त्याचंही नाव आहे. तो चिडला तर काय?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आधी सोडवायला हवा. पायपीआयवर 'ओनर' असलेला माणूस दुसऱ्या ओनरला काढू शकतो, अख्खा प्रकल्प पुसूही शकतो. 'मेंटेनर'ला फक्त नवी आवृत्ती चढवता येते. तिघांपैकी कोण काय आहे ते आजच बघा. गिटहबवर संस्थेचे ओनर कोण, वेबसाइटचं डोमेन कुणाच्या नावावर, तेही बघा. मात्र त्याच्या पाठीमागे किल्ल्या बदलू नका. त्याला कळलं, आणि कळतंच, तर नंतरच्या बोलण्याला अर्थ राहणार नाही.

नियमांबद्दल. काँट्रिब्युटर कोव्हेनंट या तयार आचारसंहितेच्या दुसऱ्या आवृत्तीत चार पायऱ्या आहेत: समज, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. त्या घ्या, पण मागच्या वागण्यावर शिक्षा देऊ नका. मागचं फक्त सांगा, दुव्यांसकट. 'तुझा स्वभाव वाईट आहे' असं लिहिलंत तर तो भांडेल. 'या अकरा कॉमेंटींपैकी या तीन ओळी आम्हाला मान्य नाहीत' असं लिहिलंत तर निदान बोलायला काही जागा राहते.

कारणं नेमकी लिहिणं किती महत्त्वाचं, याचं उदाहरण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या स्टीअरिंग कौन्सिलनं (प्रकल्प चालवणाऱ्या मंडळानं) टिम पीटर्स यांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पायथनची सॉर्टिंगची पद्धत ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते हे. कारणांची यादी जाहीर झाली आणि अनेक जुन्या लोकांना ती पटली नाही. वाद निलंबनापेक्षा त्या यादीवरच जास्त झाला.

प्रतिसाद २

काढून टाकणं इतकं सोपं समजू नका. डिसेंबर १९९४ मध्ये नेटबीएसडी या खुल्या संगणकप्रणालीनं तिच्या संस्थापकांपैकी एक थिओ डी राट यांना कोअर टीममधून बाहेर काढलं, कोडचा अ‍ॅक्सेसही काढून घेतला. पुढच्या वर्षी त्यांनी ओपनबीएसडी ही वेगळी प्रणाली सुरू केली आणि १९९९ मध्ये तिथूनच ओपनएसएसएच हे सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडणारं साधन आलं, जे आज जवळपास प्रत्येक सर्व्हरवर आहे. लायसन्स खुलं असतं, माणूस कोड घेऊन जातो. तुमचा सहकारी फोर्क करेल (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढेल) हे धरूनच चाला आणि त्याला वाईट समजू नका. फक्त वापरणाऱ्यांचे हाल होऊ नयेत. बीकॅशेफएसचंही तेच झालं: कर्नलच्या ६.१८ आवृत्तीत तिचा कोड कर्नलमधून निघाला आणि आता ती वेगळं मॉड्यूल म्हणून घ्यावी लागते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तपासलं. पायपीआयवर तो आणि मी ओनर आहोत, तिसरा मेंटेनर. उद्या तिघांना एकत्र मेल करून तिसऱ्यालाही ओनर करायचं सुचवते, उघडपणे.

काढायचं नाही असं सध्या ठरवलंय. नव्या माणसाचा पहिला रिव्ह्यू आम्ही दोघंच करू, त्यानं रूपांतराचा गाभा सांभाळावा. त्याला फोनवर सांगणार आहे, आधी लिहून पाठवणार नाही. कॉमेंटींतला तो आणि फोनवरचा तो यांत फरक आहे, हे मला माहीत आहे.

एका गोष्टीचं उत्तर अजून हवंय. आम्ही दोघं एका बाजूला आणि तो एकटा, असं झालं तर निवाडा कुणी करायचा? नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मॉडरेशन टीमनं एकत्र राजीनामा दिला तो याच मुद्द्यावर, कोअर टीम कुणालाच उत्तरदायी नाही म्हणून. आम्हाला बाहेरचा एक माणूस हवा आहे, कोड न लिहिणारा चालेल, पण दोन्ही बाजू शांतपणे वाचणारा. लिपीच्या किंवा मुद्रितशोधनाच्या कामातलं कुणी तयार असेल तर कृपया इथेच लिहा. वर्षातून दोन-तीनदाच वेळ द्यावा लागेल.

आणि ती विद्यार्थिनी हे वाचत असेल तर: तुझा बदल मी पहिल्या प्रकारात लिहून घेतलाय, कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) नाव तुझंच ठेवलंय. तू हो म्हणालीस की मर्ज करते, म्हणजे साधनात घेते.