सालगडी, वेठबिगार की ‘जीत’?

अक्कलकोटकर : आमच्या पणजोबांच्या घरी एक गडी होता. नाव देत नाही, त्याचे पणतू सोलापुरातच आहेत. आमच्याकडं सांगतात, तो सालगडी. पणजोबांनी त्याचं लग्न लावून दिलं, पोटच्या पोरासारखं वागवलं. यंदा गड्ड्याच्या जत्रेत त्याच्या पणतूची गाठ पडली. त्याची आजी हीच गोष्ट कानडीत सांगते आणि म्हणते, ‘जीतक्क इद्द’. याला मराठीत काय म्हणू? घराण्याची माहिती लिहितोय. सालगडी लिहिलं तर तो दुखावतो, गुलाम लिहिलं तर काका घरात घ्यायचे नाहीत.

पूर्वभागातली : गंमत म्हणजे आमच्या तेलुगूत ‘जीतम’ म्हणजे पगार! बँकेतल्या साहेबाचाही जीतमच. पण ‘जीतगाडू’ म्हटलं की शेतावर बांधलेला गडी.

हत्तरसंगकर : कानडीतही जीत म्हणजे मुळात मोबदलाच. संस्कृत ‘जीवित’वरून आलाय, ज्यावर जगायचं ते. आता मात्र ‘जीतदाळू’ म्हणजे कर्जापायी राबणारा माणूस, दुसरा अर्थ कुणी घेत नाही. एकच शब्द, तेलुगूत पगार झाला आणि कानडीत बेडी. सोलापुरात दोन्ही एकाच रिक्षात बसतात.

जुनी दप्तरं : मराठीतले शब्द जरा सोडवून घेऊ.

सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं, पुढच्या पाडव्याला संपतं. ज्वारी, कपडे, पायताण, थोडी रोकड आधीच ठरलेली. उचल फिटली की गडी दुसरा मालक बघायला मोकळा. तेव्हा पहिला प्रश्न हा, की तुमच्या गड्याला तो पाडवा कधी मिळाला का?

‘वेठ’ आला संस्कृत ‘विष्टि’वरून, ‘बिगार’ फारसीतून. दोन्हींचा मूळ रोख राजासाठी, वतनदारासाठी फुकट राबण्यावर. कर्जाचा त्यात संबंध नव्हता. 1976च्या कायद्यानं कर्जापायी राबणाऱ्यालाही ‘वेठबिगार’ म्हटलं आणि शब्द ताणला गेला. कायद्यापुरता तो बरोबर आहे, पण घरात बसून कुणी तसं बोलत नाही.

‘गुलाम’ अरबी, मूळ अर्थ पोरगा. तो विकला जातो, हा मुख्य फरक. ‘आपल्याकडं कुठं होते गुलाम’ असं म्हणणाऱ्यांनी पेशवाईचे कागद बघावेत. त्यात ‘कुणबीण’ म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, विकत घेतलेली बाई, ‘बटीक’ही तीच. 1843च्या कायद्यानं इंग्रजी न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणं बंद केलं. माणसावरचा हक्क गेला, कर्जावरचा राहिला. तुमच्या गड्याची गोष्ट त्या उरलेल्या हक्कातली दिसते.

अक्कलकोटकर : पणतूला फोन केला. लग्नासाठी घेतलेले पैसे फिटले नाहीत म्हणून म्हातारा शेवटपर्यंत तिथंच राहिला, पुढं थोरला मुलगाही राबला, असं तो म्हणतो. काकांना विचारलं, तर ‘मुलगाही आपल्याकडंच होता की, इतका जीव लागला होता.’

भैय्या चौक : लका, मग लग्न लावून दिलं कुठं? उसनं दिलं.

निवृत्त तलाठी : थोडं सबुरीनं घ्या. उचल सालगडीही घ्यायचे. आजच्या शब्दांनी मेलेल्या माणसाला आरोपी करू नये.

जुनी दप्तरं : तलाठीसाहेब, ‘जीत’ हा आजचा शब्द कुठं आहे? तो त्या घरात तेव्हापासून बोलला जातोय. उलट ‘पोटच्या पोरासारखं’ हे नंतर चिकटलेलं वाटतं. पोटच्या पोराच्या लग्नाचा खर्च कुणी वहीत मांडत नाही.

निवृत्त तलाठी : वही कुणी बघितलीय?

अक्कलकोटकर : वही नाही राहिली. पण लग्न दोन्ही घरांत आहे, मुलगा दोन्ही घरांत आहे. भांडण आहे ते ‘लावून दिलं’ या दोन शब्दांवर. मी दोन्ही तशीच लिहितो : आमच्याकडं सालगडी म्हणतात, त्यांच्याकडं जीत.

पूर्वभागातली : नुसतं ‘जीत’ नका लिहू. मराठी वाचणारा ‘हार-जीत’मधली जीत वाचेल, म्हातारा जिंकला समजेल.

हत्तरसंगकर : खरंय. ‘जीताला होता’ लिहा. आजीचं वाक्यही मराठीत तसंच उतरतं.