गाणं चालतं की चालवतात?

उत्तरांग

मंडळी, गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी मिळून एक गाणं केलं. शब्द वऱ्हाडी, चाल माझी, गाणारी मुलगी बावीस वर्षांची, नागपुरात मानेवाडा रोडला राहणारी. विषय एवढाच की मे महिन्याच्या दुपारी बाप कूलरमध्ये पाणी टाकतो, लाइन जाते आणि घरातली माणसं बोलायची थांबतात. ढोलकी खरी, बासरी खरी. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग धरून २८ हजार रुपये लागले. त्यातले काही एकाने गाडीचा हप्ता थकवून दिले आहेत.

गाणं घेऊन एका प्रमोशनवाल्याकडे गेलो. त्याने हेडफोन लावले आणि अकराव्या सेकंदाला काढले. "हुक कुठे आहे?" मी म्हटलं, मुखडा चोविसाव्या सेकंदाला येतो, त्याआधी बासरी आहे. तो म्हणाला, "बासरी काढा. साठ हजारांचं पॅकेज घ्या, पहिल्या आठवड्यात दोन लाख व्ह्यूज देतो." मुलगी समोर बसली होती. तिच्या आवाजाबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही.

जाहिरातीला माझा विरोध नाही. दुकान काढलं तर पाटी लावावीच लागते. माझं म्हणणं वेगळं आहे. पूर्वी गाणं व्हायचं आणि मग ते विकायचे. आता विकण्याचं माप आधी घेतात आणि त्या मापाने गाणं बेततात. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते, म्हणून सगळा जीव त्या तीस सेकंदांत कोंबायचा. २०२४ पासून तिथे आणखी एक नियम आला. मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्या नसतील तर त्या रेकॉर्डिंगला पैसेच नाहीत. आणि 'डिस्कव्हरी मोड' म्हणून एक सोय आहे. रॉयल्टी कमी घ्यायला कबूल व्हायचं, बदल्यात यंत्र तुमचं गाणं जास्त कानांपर्यंत नेतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे माझी आवड ओळखून आलं. ते सवलतीच्या भावात आलेलं असतं.

हे बाजारापुरतं राहिलेलं नाही, ते चालीत शिरलंय. मी स्वतः आता चाल बांधताना घड्याळाकडे बघायला लागलोय आणि मला त्याचा राग येतो. तुम्हाला काय वाटतं?

जुनी कॅसेट

उत्तरांगभाऊ, तळमळ कळली, पण 'पूर्वी असं नव्हतं' हे मान्य नाही. बर्डीवर माझं अठरा वर्षं कॅसेटचं दुकान होतं. पूर्वी कसं होतं ते काउंटरच्या या बाजूने पाहिलंय.

तुम्ही तीस सेकंदांना घाबरता. मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असायची. तासभर राग मांडणाऱ्या माणसाला सांगितलं जायचं की एवढ्यात आटपा. गायिका गौहर जानचं १९०२ मध्ये कलकत्त्यात रेकॉर्डिंग झालं, तर शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारावं लागे, कारण तबकड्या छापणार जर्मनीत आणि तिथल्या माणसाला कळायला हवं की आवाज कोणाचा. माप धंद्याचं होतं, कलेचं नव्हतं. आणि त्याच मापात अब्दुल करीम खाँसाहेबांनी असं गाऊन ठेवलंय की अजून ऐकताना हातातलं काम थांबतं.

दुसरी गोष्ट. गुणवत्तेलाच जागा देऊ, असं आपल्या देशात एकदा सरकारने ठरवून पाहिलंय. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कळवळा असलेला. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई रेडिओ सिलोनवर नेली. अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. टूथपेस्टच्या पैशावर चाललेला कार्यक्रम, आणि सगळा देश बुधवारी रात्री त्याला चिकटून. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. त्या टूथपेस्टच्या कार्यक्रमातली गाणी आज आपण सोन्याचा काळ म्हणून ऐकतो.

दुकानातलंही सांगतो. १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं तेव्हा पोरं यायची आणि म्हणायची, "टीव्हीवरचं ते द्या." नावही माहीत नसायचं. व्हिडिओ नसता तर त्यातल्या निम्म्या कॅसेटही विकल्या गेल्या नसत्या. पण रोज टीव्हीवर झळकणारे असे अल्बमही होते की ज्यांचे डबे माझ्याकडे धूळ खात पडले आणि कंपनीने परत घेतले नाहीत. जाहिरात गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणते, कॅसेट दुसऱ्यांदा लावायला लावत नाही.

स्वरलिपी

मी धरमपेठेत गाण्याचे वर्ग घेते. कॅसेटदादा, खाँसाहेबांनी तीन मिनिटांत गायलं ते खरं, पण त्यांच्यामागे कित्येक वर्षांची तासन्‌तास चाललेली तालीम होती. तीन मिनिटं हा मोठ्या गोष्टीचा अर्क होता. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना तेवढे पंधरा सेकंदच यायला हवे असतात. परवा एक आई म्हणाली, "मॅडम, अलंकार नंतर शिकवा, आधी रीलपुरतं बसवून द्या." मुलीचा आवाज इतका चांगला आहे की मला रात्री झोप आली नाही.

दुकानाच्या काळात निदान बाजार आणि रियाज वेगळे होते. आता बाजार रियाजाच्या खोलीत येऊन बसलाय. उत्तरांग म्हणतात ते हेच आहे.

तर्री

गेली बारा वर्षं नागपुरात कार्यक्रम करतो. कटू वाटेल, पण लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मी इथल्याच एका गझल गायकाचा कार्यक्रम ठेवला होता. माणूस सुरेश भटांच्या ओळीतला एकेक शब्द उलगडून गातो. हॉलचं भाडं, साउंड, तबला-हार्मोनियम सगळं खिशातून. आले किती? चाळीस, त्यातले पंधरा पासवाले. त्याच आठवड्यात टीव्हीच्या स्पर्धेतून आलेल्या एका मुलाला ऐकायला लोक जिन्यात उभे होते. आमच्या गायकाला मी महिनाभर आधी सांगितलं होतं की दोन व्हिडिओ करून द्या, चार ठिकाणी मुलाखती देऊ. म्हणाले, "माझं गाणं बोलेल." कोणाला बोलेल? ते ऐकायला आलंय कोण?

आपल्याकडे 'मी जाहिरात करत नाही' हे शीलासारखं सांगतात. मला तो श्रोत्याचा अपमान वाटतो. माणूस दिवसभर कामावर होता, घरी पोरांचा अभ्यास, त्यात तुमचा कार्यक्रम कुठे आहे हे त्यानेच शोधून काढायचं?

आणि नागपूरचा खरा आजार मार्केटिंग नाही. आपण फक्त ओळखीचं ऐकतो. गल्लोगल्ली करावके क्लब आहेत, लोक पैसे भरून पन्नास वर्षांपूर्वीची गाणी गातात. आनंद आहे, गावीत. पण नव्या गाण्यासाठी त्यातला एक तरी येतो का?

स्वरलिपी

तर्रीदादा, ओळखीचं का होतं ते? शंभरदा कानावर पडतं म्हणून. आणि शंभरदा कानावर पाडायचे पैसे लागतात. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात.

झाडीवाला

मी गडचिरोलीकडल्या वडश्याचा. तुमी सारे मोबाइलवरच बोलून राह्यले, म्हनून लिवतो.

आमच्याइकडे दिवाळी झाली का मंडई, म्हंजे जत्रा, लागते अन् रातभर नाटक चालते. कंपन्यायचे ऑफिस वडश्यात हायेत, गावातले लोक तिथं येऊन नाटक बुक करतेत. पोस्टर हे मोठं! हिरोइनचा फोटो, रंगीत अक्षरं, लावणी हाय म्हनून येगळं लिवते. मार्केटिंग म्हना का काय म्हना, ते आमच्याकडे बी हाय जी. पन रातच्या दोन वाजता थंडीत मानूस घोंगडं पांघरून बसून रायते ते पोस्टरसाठी नाही. स्टेजवर गाननारा बेसूर झाला त लोक उठून शेकोटीकडे जातेत, समोरच समजते. पुढच्या साली त्या गावात त्या कंपनीले कोनी बलावत नाही.

फरक इतकाच हाय. आमच्याकडे पोस्टर लावनारा अन् गानं आयकनारा एका पटांगनात असते. तुमच्या मोबाइलात शेकोटीकडे उठून गेलेला मानूस कोनाले दिसते?

उत्तरांग

झाडीवाला भाऊ, हे वाचून मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. शेकोटीकडे गेलेला माणूस कुणालाच दिसत नाही. विकत घेतलेले दोन लाख व्ह्यूज तर उठून जातच नाहीत, कारण ते बसलेलेच नसतात.

निळी पहाट

एक वेगळं उदाहरण देतो, कारण ते या शहरातलं आहे.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. माझ्या लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. पुस्तकांचे स्टॉल आणि त्यांच्या शेजारी कॅसेटचे. एकाच वेळी दहा स्पीकरवर दहा गाणी. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंद्यांचा, विठ्ठल उमपांचा आवाज. वडील मिलमध्ये होते, पुस्तकं आणि एक कॅसेट एवढीच त्या दिवसाची खरेदी. ती कॅसेट वर्षभर वाजायची. या गाण्यांना ना टीव्हीवर जागा होती ना मोठ्या वर्तमानपत्रांत परीक्षण. वामनदादा गावोगाव फिरून गायले आणि लोकांनी ती गाणी तोंडपाठ केली. पॅकेज कोणी घेतलं होतं?

म्हणून गाणं फक्त पैशाने पसरतं हे मला पटत नाही. ज्याला ऐकणाऱ्याच्या आयुष्यात काम आहे, ते गाणं वाट काढतं.

जुनी कॅसेट

निळी पहाट, तुमच्या वडिलांसारखी माणसं माझ्या दुकानातही यायची. पण एक गोष्ट जोडतो. ती कॅसेट तुमच्या वडिलांना परवडली, कारण ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने आणि मग इतरांनी कॅसेटचा भाव पाडला आणि पानठेल्यावरसुद्धा माल ठेवला. धंदेवाईक होते, दुसऱ्यांची गाणी वेगळ्या आवाजात गाऊन घेऊन विकली, त्यावर चिडणारे बरोबरच चिडले. पण महाग तबकडीच्या काळात ज्यांना कोणी विचारलं नसतं अशी भक्तिगीतं, लोकगीतं, भीमगीतं त्या स्वस्त कॅसेटवर चढून घरोघरी गेली. बाजाराने तिथे दार उघडलं होतं.

निळी पहाट

दार उघडलं हे खरं. पण घरात शिरायला गाणं आधी तयार होतं. ते बाजारासाठी लिहिलेलं नव्हतं.

अजनी ६

'सैराट'चं कोणी बोललं नाही? २०१६. अजय-अतुलनी लॉस एंजलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. संगीतही कसदार, जाहिरातही दणकून. भांडण कशाला?

स्वरलिपी

ते सिनेमाचं गाणं, मागे निर्माता असतो. चौघांनी वर्गणी काढून केलेल्या गाण्याला कोण असतं?

मधली रांग

मी आकडेवारी शिकवतो, म्हणून एक प्रयोग सांगतो. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी तो अमेरिकेत केला, 'सायन्स' या नियतकालिकात २००६ मध्ये छापून आला. अनोळखी बँडची ४८ गाणी, १४ हजारांवर श्रोते. काहींना फक्त गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला आपल्याच गटातलं कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं ते दिसत होतं.

आठ गट, तीच गाणी, पण लोकप्रिय ठरलेली गाणी गटागणिक वेगळी. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. दुसऱ्याने काय ऐकलं हे जितकं ठळक दाखवलं, तितकी वरची आणखी वर गेली आणि अंदाज बांधणं आणखी कठीण झालं.

पुढे साल्गानिक आणि वॉट्स यांनी २००८ मध्ये यादीच उलटी करून दाखवली. शेवटचं गाणं पहिलं म्हणून, पहिलं शेवटचं म्हणून. काही सुमार गाणी त्या खोट्या क्रमांकावर तरली. सगळ्यात चांगली हळूहळू परत वर सरकली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. खोटी यादी दाखवल्यावर एकूण डाउनलोडच कमी झाले. लोकांचा गाण्यांतला रस उतरला.

तर्री म्हणतात ते आणि विकत घेतलेले व्ह्यूज यांत फरक इथे आहे. कार्यक्रम आहे हे ओरडून सांगणं वेगळं आणि किती जणांनी ऐकलं याचा खोटा आकडा लावणं वेगळं. खोट्या आकड्याने सगळ्यांचंच नुकसान होतं, चांगल्या गाण्याचंही.

तर्री

हे मान्य. खोट्या आकड्यांची बाजू मी घेत नाही. मला दोन लाख व्ह्यूजवाले गायक आणून देतात आणि तिकिटं तीस खपतात, मार मला बसतो.

कोर्ट रोड

वकिली करतो, दोन मुद्दे लिहितो. पैसे देऊन गाणं वाजवून घेण्याला अमेरिकेत पेओला म्हणतात. १९५९-६० मध्ये तिथल्या काँग्रेससमोर त्यावर सुनावण्या झाल्या, अ‍ॅलन फ्रीडसारख्या गाजलेल्या निवेदकाचं करिअर त्यात संपलं. पण तिथला कायदा पैसे घेऊच नका असं म्हणत नाही. घेतले तर श्रोत्याला सांगा, लपवून वाजवणं हा गुन्हा. तरीही २००५ मध्ये सोनी बीएमजीला न्यूयॉर्कमध्ये अशाच प्रकरणात एक कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

दुसरं उत्तरांग यांच्यासाठी. पॅकेजच्या कागदात 'सर्व हक्क कायमचे' असं असेल तर सही करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही सोडता येत नाही. दोघेही आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा.

उत्तरांग

वकीलसाहेब, कागद काढून पाहिला. तेच वाक्य होतं, तिसऱ्या पानावर. सही करणार नाही.

कॅसेटदादा, तुमचं एक मान्य करतो. धंद्याचं माप नेहमीच होतं. पण ७८च्या तबकडीवर किती मिनिटं आहेत ते गायकालाही दिसायचं आणि ऐकणाऱ्यालाही. आज गाणं पुढे का आलं हे ऐकणाऱ्याला दिसत नाही. ज्या गाण्यामागे पैसा किंवा सवलत आहे, त्याच्याखाली तसं स्पष्ट लिहा, एवढं तरी मागायला हवं. बासरी मी काढणार नाही.

जुनी कॅसेट

लिहिलं तरी कोणी वाचणार नाही. सिगारेटच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून किती जण थांबले? बासरी ठेवा, ते बरोबर.

तर्री

उत्तरांगभाऊ, डिसेंबरात माझा एक कार्यक्रम आहे, सगळे इथलेच कलाकार. मुलीला दोन गाणी देतो, कूलरवालं त्यात हवंच. बासरी चोवीस सेकंद वाजू द्या. पण पोस्टर मी करणार, तिचा फोटो मोठा असेल, आणि आधीचे पंधरा दिवस रोज एक व्हिडिओ लागेल.

उत्तरांग

फोटोचं तिला विचारून रात्री कळवतो. व्हिडिओ करू. ढोलकीवाला आणि बासरीवाला धरून आम्ही पाच जण येऊ, मानधन किती ते आधी सांगा. त्या हप्त्याची तारीख दहा आहे.