सालीवरचं ते दगडफूल नसावं
वनविहारातल्या चिंचेच्या सालीवरची राखाडी पापुद्री म्हणजे मसाल्यातलं दगडफूल का, असं वर विचारलंय. मला नाही वाटत. दगडफूल, म्हणजे पार्मोट्रेमा नावाचं लायकेन (बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला जीव), ओलसर डोंगराळ जंगलातलं. पाकळ्या रुंद, कडा सालीपासून सुट्या, खालची बाजू काळी. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत सालीला घट्ट चिकटलेली पिक्सिन किंवा डिरिनारिया (हीसुद्धा लायकेनच) असण्याची शक्यता जास्त. दोघी दिसायला अगदी जुळ्या बहिणी! अंधारात नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मारून बघा: पिक्सिन कोकोस पिवळी चमकते, डिरिनारिया नाही. शिवाय डिरिनारियाच्या खालच्या बाजूला मुळांसारखे तंतू नसतात. पण त्यासाठी अख्खी खरवडू नका हं, नखाएवढा तुकडा पुरे. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते बिचारी.