निकालापर्यंत थांबणार नसाल तर सपोर्ट पर्सन होऊ नका

रानजाई:
पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत मुलांसोबत सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासापासून निकालापर्यंत आधार देणारी व्यक्ती म्हणून मी सहा वर्षं जातेय. निवृत्तीनंतर 'काहीतरी समाजकार्य करायचंय' म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना माझं सांगणं एकच: निकाल लागेपर्यंत थांबणार नसाल तर येऊ नका. कायदा म्हणतो, शक्यतो वर्षभरात खटला संपवा. माझ्याकडच्या एका मुलीचं चौथं वर्ष चालू आहे. मेडिकलला तिच्याबरोबर एक स्वयंसेविका होत्या, मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबालाही त्याच. मग त्यांच्या घरी अडचण आली, येणं थांबलं. उलटतपासणीच्या सकाळी मुलगी मला विचारते, "त्या ताई का नाही आल्या? मी खोटं बोलते असं वाटलं का त्यांना?"

२०२० च्या नियमांत सपोर्ट पर्सनला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसलेलं मानधन आहे. ते मागून घ्या. फुकट केलेलं काम सोडताना माणसाला फारसं काही वाटत नाही.

वडसेकर:
ताई, हे पटलं नाही. नियमात मानधन आहे, पण आमच्याकडे त्या कामाला माणूसच मिळत नाही. तिथे मुलीसोबत कोण जाणार? अंगणवाडी सेविका, नाहीतर शेजारची बाई, तीही रोज बुडवून. मी गडचिरोलीतल्या देसाईगंजची. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं १९७२ चं प्रकरण आमच्याच पोलीस ठाण्यातलं. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडल्यावर १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्यांना कुणी मानधन दिलं होतं?

रानजाई:
त्या पत्राचं मोल मी कमी करत नाही. पण पत्र लिहिणं वेगळं आणि चार वर्षं कोर्टाच्या बाकावर त्याच मुलीशेजारी बसणं वेगळं. तुमच्या त्या शेजारणीचा बुडालेला रोज कुणी भरून द्यायचा? मी तिच्यासाठीच भांडतेय.

काळाकोट:
मानधनापेक्षा मला प्रशिक्षणाची काळजी वाटते. मायेपोटी "असं सांग, घाबरू नकोस" म्हटलं की बचावाचा वकील तेच धरतो: मुलीला पढवलंय. साक्षीबद्दल एक शब्द सुचवायचा नाही. नाव, शाळा, गल्ली कुठेही बोलायची नाही, नवऱ्याजवळसुद्धा. हे पाळता येत नसेल त्याने पगारीही येऊ नये आणि बिनपगारीही.

वडसेकर:
हे मान्य. पण मग प्रशिक्षण तालुक्याला द्या. शंभर किलोमीटरवर ठेवलंत तर येणार कोण? आणि ताई, त्या मुलीला तुम्ही काय उत्तर दिलंत?

रानजाई:
"त्यांचा तुझ्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास आहे." साक्ष पूर्ण झाल्यावर त्यांना फोन लावून दिला. ताई रडल्या, मुलगी नाही रडली. आता तपास अधिकाऱ्याची साक्ष बाकी आहे. तिला यायची गरज नाही, पण प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी तिचा फोन येतो: आज काय झालं?