कोलायटिसला आठ वर्षं झाली, आता काहीच त्रास नाही, तरी कोलोनोस्कोपी करायची का?

मिरजकर_पोरगा
नमस्कार मंडळी. मी २८ वर्षांचा, विसाव्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा) निघाला, पूर्ण मोठ्या आतड्याला आहे (पॅनकोलायटिस). सुरुवातीला लय हाल झाले, रक्त, आव, दिवसाला दहा-बारा वेळा संडास, स्टिरॉइडनी तोंड सुजलेलं, कॉलेजचं वर्ष त्यातच गेलं. आता मेसालामाइनवर (सूज आटोक्यात ठेवायचं औषध) एकदम व्यवस्थित आहे, नोकरी, प्रवास सगळं चालू. परवा पोटाचे डॉक्टर म्हणाले आठ वर्षं झाली, आता कॅन्सरच्या दृष्टीने कोलोनोस्कोपी (खालून दुर्बीण घालून मोठं आतडं बघतात ती) करून घेऊ. ते ऐकून आईच्या डोळ्याला डोळा नाही, म्हणते बरं चाललंय ना, मग कशाला उकरून काढायचं. मलाही तसंच वाटायला लागलंय. खरंच गरज असते का? आणि माझ्या वयात धोका नक्की किती?

पोटोबा_नाशिक
कर बाबा, टाळू नको. मला क्रोन्स आहे (हाही आतड्याच्या सुजेचाच आजार), मोठ्या आतड्यालाच जास्त, त्यामुळे मलाही हाच नियम लागू. तपासणीपेक्षा आदल्या दिवशीचं ते पावडरचं पाणी पिणंच जास्त जीवावर येतं, थंडगार करून लिंबू पिळून घे, जरा सुसह्य होतं, आणि शेवटी नुसतं पिवळसर स्वच्छ पाणी येईपर्यंत सगळं पी, आतडं नीट साफ नसेल तर नेमकी बारीक गोष्ट दिसायची राहते. माझ्या वेळी डॉक्टरांनी आतून निळा रंग फवारला होता, सपाट चट्टे साध्या उजेडात दिसत नाहीत ते त्या रंगात उठून दिसतात म्हणे. दुखलं काही नाही, झोपेचं औषध देतात.

रात्रपाळी_डॉक
मी गॅस्ट्रोला रेसिडेंट आहे. तुझे रिपोर्ट बघितलेले नाहीत त्यामुळे तुझ्यापुरतं तुझे डॉक्टरच सांगतील, पण आठ वर्षांचा आकडा त्यांनी मनाने काढलेला नाही, जगभर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी ही तपासणी सुरू करतात. २००१ साली जुने बरेच अभ्यास एकत्र करून कोलायटिसवाल्यांत कॅन्सर किती जणांना होतो याचे आकडे काढले होते, १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८, ३० वर्षांनी १८. नंतरच्या अभ्यासांत धोका यापेक्षा बराच कमी दिसतो, कारण औषधं सुधारली आणि तपासण्या वेळेवर व्हायला लागल्या. म्हणजे घाबरायचं नाही, पण तुझ्यासारख्या विशीत आजार लागलेल्यांच्या पुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं असतात, म्हणून आम्ही मागे लागतो.

आता त्रास नाही म्हणून कशाला, तर तेव्हाच करायची असते. सूज भडकलेली असताना बायोप्सी (तपासायला आतड्याचा बारीक तुकडा) घेतली की पेशींतला बदल सुजेमुळे आहे की कॅन्सरच्या वाटेवरचा आहे हे पॅथॉलॉजीवाल्यांना सांगणं अवघड जातं. धोका वाढतो तो आतली सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली की, आणि बाहेरून बरं वाटत असताना ती आत असू शकते. फक्त गुदाशयापुरता आजार असेल तर धोका फारसा वाढत नाही, पूर्ण आतड्याला असेल तर वाढतो. आईवडील-भावंडांत कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का ते डॉक्टरांना सांग. लिव्हरच्या पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार सोबत असला तर आठ वर्षं थांबतच नाहीत, निदानापासून दरवर्षी करतात. बाकीच्यांना काय दिसतं त्यावर १ ते ५ वर्षांनी परत. आणि बरं वाटतंय म्हणून मेसालामाइन सोडू नकोस प्लीज, ओपीडीत रोज असे पेशंट बघतो.

सोलापूरची_ताई
थोडं वेगळं लिहिते पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या भावाला कोलायटिस वगैरे काहीच नव्हतं, वय ३१, संडासातून रक्त जायचं, सगळ्यांनी मूळव्याध म्हणून मलम आणि चूर्णं दिली, कोणी बोट घालून साधी तपासणीसुद्धा केली नाही. हिमोग्लोबिन उतरत गेलं तेव्हा कुठे स्कोपी झाली आणि गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आता ऑपरेशन, किमो होऊन बरा आहे. चॅडविक बोसमन हा एवढा मोठा नट, २०२० मध्ये ४३ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला. अमेरिकेत २०२१ पासून सगळ्यांनाच ४५ पासून तपासायला सांगतात, पण रक्त जात असेल, वजन उतरत असेल, संडासची सवय बदलून काही आठवडे तशीच राहिली असेल तर वयाची वाट बघू नका हो, तरुण आहे म्हणून सोडून देऊ नका.

गॅसवाला_पुणे
मला आयबीएस (सारखं पोट दुखणं, संडासची गडबड) आहे, मलाही धोका?

रात्रपाळी_डॉक
नाही, आयबीएसमध्ये आतड्याला सूज नसते, त्याने कॅन्सरचा धोका वाढत नाही. पण ताईंनी लिहिलेलं काही दिसलं तर आयबीएसच असेल म्हणून बसू नका, दाखवा.

मिरजकर_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, ताईंचं वाचून रडली आणि मग स्वतःच म्हणाली तारीख घे. आजोबांना आतड्याचं काहीतरी झालं होतं असंही तिनेच सांगितलं, ते डॉक्टरांना सांगतो. एकच विचारायचं राहिलं, मेसालामाइन आणि लोहाची गोळी त्या दिवशी घ्यायची का?

रात्रपाळी_डॉक
मेसालामाइन सहसा चालू ठेवतात. लोहाची गोळी मात्र पाच-सात दिवस आधीच थांबवायला सांगतात, तिने आत काळं चिकट राहतं आणि नीट दिसत नाही. तारीख घेताना दोन्ही विचारून घे. आजोबांचं नक्की काय होतं, कितव्या वर्षी, तेही आईकडून जमेल तेवढं काढून ठेव.