ऑशविट्झ: तेवढ्या शिध्यावर माणसं तगली तरी कशी?

गोदातीर
नमस्कार मंडळी. नाझी छावण्यांवरच्या लेखांत "जबर इच्छाशक्ती होती म्हणून वाचले" हे वाक्य सारखं भेटतं. मला ते पटत नाही. मग जे मेले त्यांना काय जगायचं नव्हतं? ऑशविट्झमधल्या ज्यू कैद्याला दिवसाला नेमकं काय मिळायचं आणि कोणत्या साध्यासुध्या गोष्टींनी फरक पडायचा, हे कोणी तपशिलात सांगाल का? दुसरं असं की सुटकेनंतर पोटभर खाऊन माणसं मेली हे खरं का?

तळटीप
तुमचा राग रास्त आहे. शिध्याआधी आगगाडीचा फलाट बघा. ऑशविट्झला सुमारे ११ लाख ज्यू आणले गेले. त्यातल्या जेमतेम २ लाखांची कैदी म्हणून नोंद झाली, बाकीच्यांना उतरवल्या उतरवल्या गॅस चेंबरकडे नेलं. म्हातारे, आजारी, लहान मुलं, लेकरू कडेवर असलेल्या आया. यांची इच्छाशक्ती कोणी विचारलीच नाही. सामान उतरवणारे कैदी कधी कधी पोरांच्या कानात पुटपुटत, "वय वाढवून सांग." ते ऐकलं आणि समजलं म्हणून काही पोरं वाचली.

आता शिधा. सकाळी अर्धा लिटर "कॉफी", म्हणजे भाजलेल्या धान्याचं काळं पाणी किंवा पाल्याचा काढा. दुपारी पाऊण लिटर सूप. संध्याकाळी सुमारे ३०० ग्रॅम पाव, त्यासोबत २५ ग्रॅम सॉसेज किंवा मार्गारीन, नाहीतर चमचाभर जॅम. सकाळची न्याहारीही त्याच पावात धरलेली. हिशेबाने १३०० ते १७०० कॅलरी होतात, पण वाटेत चोरी व्हायची, त्यामुळे हातात पडायचं त्याहून कमी. त्यावर दिवसभर खोदकाम आणि ओझी वाहणं. नुसत्या या शिध्यावर शरीर काही महिन्यांत संपायचं.

सुपाच्या रांगेतही जीव अडकलेला असे. पातेल्यात वर पाणी, बटाटा आणि रुटाबागाचे (सलगमसारख्या कंदाचे) तुकडे तळाशी. पुढे उभं राहिलं की पाणी मिळायचं. फार मागे राहिलं तर पातेलंच संपायचं. आणि पळी तळापर्यंत घालायची की वरून फिरवायची, हे वाढणाऱ्याच्या मर्जीवर. कटोरा हरवला किंवा चोरीला गेला तर सूप घेणार कशात? म्हणून रात्री तो डोक्याखाली. बिर्केनाऊच्या, म्हणजे ऑशविट्झच्याच एका भागातल्या, बायकांच्या छावणीत तर एकेक कटोरा कितीतरी जणींत फिरायचा, आणि हगवण त्यातूनही पसरायची.

पाव लगेच खावा की राखावा, हा रोजचा पेच. राखलेला पाव सदऱ्यात दडवला तरी झोपेत चोरीला जायचा. बहुतेक जण मिळताक्षणी खाऊन टाकत.

निशाचर
तळटीप यांनी पोटाचं सांगितलं, मी पायांचं सांगतो. माझ्या मते बूट पावाइतकेच महत्त्वाचे होते. लाकडी तळव्याची पादत्राणं पुढ्यात टाकली जात, मापाचा प्रश्नच नव्हता. चिखलात ती रुतायची, थंडीत तळव्याला बर्फाचा गोळा चिकटायचा. घासून फोड, फोडाची जखम, जखमेत पू. उपाशी अंगात ती भरून येत नाही. पाय सुजला की पादत्राण चढत नाही, चालताना मागे पडलं की मार. दवाखान्यात जावं तर तिथेही फलाटासारखी निवड व्हायची, म्हणजे कोणाला ठेवायचं आणि कोणाला गॅस चेंबरला पाठवायचं हे ठरायचं, आणि ज्यू रुग्णाला त्या निवडीत सगळ्यात मोठा धोका. एका फोडापासून गॅस चेंबरपर्यंतची वाट इतकी छोटी होती. म्हणून दोन दिवसांचा पाव देऊनही कोणी बरे बूट घेतले तर तो वेडेपणा नव्हता.

दुसरी गोष्ट छपराची. स्वयंपाकघर, शिवणकाम, प्रयोगशाळा, कोठार, कुठेही छपराखालचं काम मिळालं तर कॅलरी कमी जळायच्या आणि काहीतरी "जमवता" यायचं. लुटलेलं सामान निवडायच्या गोदामांना कैदी "कॅनडा" म्हणत, कारण तो देश म्हणजे त्यांच्या लेखी सुबत्ता. यासाठी ओळख, हातातलं कसब आणि जर्मन भाषा लागायची. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे ज्यू लादिनो बोलत. जर्मनमधला हुकूम कळला नाही की दांडका बसायचा.

गोदातीर
दोघांचे आभार. म्हणजे एकट्याने तगणं जवळपास अशक्यच?

निशाचर
फार अवघड. बायकांमध्ये "छावणीतल्या बहिणी" हा शब्दच रुळला होता. एकीने पाव सांभाळायचा तोवर दुसरीने अंग धुवायचं. हजेरीला तासन् तास उभं राहताना पडणारीला दोन्ही बाजूंनी धरायचं. पण जोडीदारीण निवडीत गेली की हेही तुटायचं. आणि केव्हा आणलं गेलं, यावर पुष्कळ अवलंबून होतं. १९४४च्या उन्हाळ्यात हंगेरीतून आलेल्यांपैकी ज्यांना कामाला निवडलं, त्यांतल्या अनेकांना लवकरच दुसऱ्या कामाच्या छावण्यांत हलवलं गेलं. १९४२मध्ये आलेल्याला तेवढाच शिधा घेऊन अडीच-तीन वर्षं काढायची होती. इच्छाशक्ती दोघांची सारखी धरली तरी हा फरक उरतोच.

वैद्यकी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. १५ एप्रिल १९४५ला ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बेर्गन-बेल्झेन छावणीत पोचलं तेव्हा सुमारे ६० हजार माणसं जिवंत होती, बहुतांश ज्यू. त्यानंतर १३ हजारांहून अधिक दगावली. टायफस, क्षय, हगवण यांचा वाटा मोठा, पण सैनिकांनी कळवळून दिलेलं डब्यातलं चरबट मांसही अनेकांना भोवलं. आतड्याचं अस्तर झिजलेलं असतं, चरबी पचत नाही, जुलाब आटोक्याबाहेर जातात.

शिवाय एकदम पिष्ट किंवा साखर गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. साठा आधीच रिकामा, त्यामुळे हृदयाचा ठोका बिघडतो, श्वासाचे स्नायू थकतात. आज अशा रुग्णाला आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देतात आणि दर किलो वजनामागे दिवसाला १० कॅलरींच्या आसपास सुरुवात करतात, फारच खंगला असेल तर ५. म्हणजे १०च्या हिशेबाने ३५ किलोच्या माणसाला ३५० कॅलरी. भुकेलेल्याला एवढंच वाढताना वाढणाऱ्याचा हात थरथरेल, पण वाचवायचं तर तेवढंच.

बेल्झेनमध्ये १९४३च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं तांदूळ-साखरेचं मिश्रणही दिलं गेलं. बंगालमध्ये ते चाललं, इथे लोकांना गिळवेना. पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) घातल्यावर घशाखाली उतरू लागलं. शिरेतून प्रथिनं द्यायचा प्रयत्नही अडला, कारण छावण्यांत फिनॉल हे विषारी रसायन टोचून माणसं मारली जात. सुई दिसली की रुग्ण किंचाळत. इस्पितळात आल्यावरही पुष्कळ जण पावाचे तुकडे पांघरुणाखाली लपवून ठेवायचे.