मदत हवी आहे: बेसमेंटमध्ये बेसबोर्ड हीटर, २४० व्होल्टचं वायरिंग आणि काळ्या तारेचा घोळ

इचलकरंजीचा_मी:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण विषय आगीशी आणि शॉकशी खेळण्याचा असल्यामुळे सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. घर स्वतःचं, एका कुटुंबाचं, १९६८ चं बांधकाम. वर दोनच बेडरूम असल्यामुळे आई-बाबांची सोय बेसमेंटमध्ये केली आहे. ते नोव्हेंबरात इचलकरंजीहून आलेत आणि सहा महिने राहणार आहेत. फर्नेसचा डक्ट खाली नेलेला नाही, म्हणून सुरुवातीला प्लगचा १५०० वॉटचा हीटर दिला होता. दोन आठवड्यांपूर्वी रात्री आईला जळकट वास आला. मी खाली जाऊन पाहतो तर एक्स्टेन्शन कॉर्डच्या टोकाचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि हात लावला तर चटका बसत होता. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. त्या रात्री दोघांना वर हॉलमध्ये झोपवलं, आणि मला मात्र सकाळपर्यंत झोप लागली नाही.

आता भिंतीला कायमचे बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी आडवे बसणारे लांबट हीटर) बसवायचे आहेत. मोठी खोली १४ बाय १६ फूट, शेजारची छोटी १० बाय १०. तीन हीटर आणून ठेवलेत, तिन्ही २४० व्होल्टचे: मोठ्या खोलीसाठी सहा फुटी दोन, प्रत्येकी १५०० वॉट, आणि छोटीसाठी चार फुटी १००० वॉटचा एक. पॅनेल (ब्रेकरची मुख्य पेटी) १०० अँपिअरचं आहे. त्यात एकाखाली एक अशा दोनच जागा रिकाम्या आहेत. त्यामुळे २० अँपिअरचा एक डबल-पोल (दोन्ही फेज एकदम तोडणारा) ब्रेकर टाकून १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं इथलं माप) केबलवर तिन्ही हीटर चालवायचा विचार आहे. हिशोब असा: ४००० भागिले २४०, म्हणजे १६.७ अँपिअर. २० च्या आत बसतंय. बरोबर आहे ना?

दुसरा प्रश्न नाजूक आहे. बाबा चाळीस वर्षं वायरमन होते. इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या कितीतरी शेडचं वायरिंग त्यांच्या हातचं आहे. हीटर आणल्यापासून त्यांच्या अंगात उत्साह संचारलाय. पण परवा केबल सोलल्यावर त्यांनी काळी तार बाजूला काढली आणि सहज म्हणाले, "ही न्यूट्रल. लाल कुठाय?" माझ्या पोटात गोळाच आला. इथे काळी म्हणजे फेज! आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. चाळीस वर्षांची हाताची सवय आहे ती, एका वाक्याने कशी जाईल? त्यांना "तुम्ही हात लावू नका" असं मला सांगायचं नाही. पण त्यांना काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

कोणी हे काम स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. परवाना लागतो का, तेही.

तांब्याची_तार:

आधी परवाना. न्यू जर्सीत स्वतःच्या, स्वतः राहत्या, एका कुटुंबाच्या घरात मालकाला विजेचं काम करता येतं, पण टाउनशिपच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसातून परवाना काढून. तारा उघड्या असताना एकदा आणि काम संपल्यावर एकदा, अशी दोन वेळा तपासणी होते. पहिल्या तपासणीआधी ड्रायवॉल (भिंतीचे जिप्सम बोर्ड) लावू नका, नाहीतर फोडावं लागेल. आणि परवाना तुमच्या नावाचा म्हणजे काम तुमच्या हातचं. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

आता हिशोब. १६.७ अँपिअर २० च्या आत आहे हे खरं, पण ते पुरेसं नाही. भिंतीला कायमचा बसवलेला हीटर हा सतत चालणारा भार धरतात. थंडीच्या रात्री तो तासन् तास बंदच होत नाही, आणि ब्रेकरही तितकाच वेळ तापत राहतो. म्हणून भाराच्या सव्वापट क्षमता लागते. १६.७ चे सव्वापट जवळजवळ २१. २० चा ब्रेकर बाद. उलट बाजूने बघा: २० अँपिअर, २४० व्होल्ट, त्याचे ८० टक्के म्हणजे ३८४० वॉट. तुम्ही १६० वॉटने वर आहात.

कृपया "मग ३० चा ब्रेकर टाकतो" असं करू नका! १२ गेजच्या तारेला २० च्या वर संरक्षण नाही. तार भिंतीत तापेल आणि ब्रेकर गप्प बसेल. एक्स्टेन्शन कॉर्डचं जे झालं तेच, फक्त या वेळी आईंना वास येणार नाही.

जर्सीची_सून:

आमच्याकडेही असंच अडलं होतं. मोठ्या खोलीला ३००० वॉट लागतातच कशाला? साधा आडाखा चौरस फुटाला १० वॉटचा. तुमची खोली २२४ चौरस फूट. बेसमेंटच्या भिंती गार असतात म्हणून थोडं जास्त धरा. एक सहा फुटी परत करून पाच फुटी, १२५० वॉटचा आणा. मग १५०० अधिक १२५० अधिक १०००, एकूण ३७५०. ३८४० च्या आत! एकच ब्रेकर, त्याच दोन जागा, दुसरं काही नको. खोल्या दोन म्हणून थर्मोस्टॅट (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच) मात्र दोन घ्या.

घर १९६८ चं म्हणालात म्हणून विचारते, जुनं वायरिंग तांब्याचं आहे ना? १९६५ ते १९७३ च्या दरम्यान इथे बऱ्याच घरांत अॅल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या. त्यांचे सांधे ढिले होऊन तापतात. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने त्याबद्दल मुद्दाम इशारा दिलेला आहे. त्यात काही जोडणार असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आणि आई-बाबा तिथे झोपतात, तर बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे का? बेसमेंटमधल्या बेडरूमला सुटकेची खिडकी लागते: उघडल्यावर किमान ५.७ चौरस फुटांची मोकळी जागा, आणि चौकटीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको. स्मोक अलार्मही बघा. हीटरइतकंच हे महत्त्वाचं आहे.

इचलकरंजीचा_मी:

ताई, १२५० ची युक्ती सुचलीच नव्हती. उद्याच बदलून आणतो. छतातल्या उघड्या केबल्स बॅटरी घेऊन तपासल्या, सगळ्या तांब्याच्या आहेत. खिडकी मोठी आहे, मोजून पाहिली, त्या मापात बसते. त्या खिडकीखालीच एक हीटर येणार आहे. अलार्म जिन्यापाशी होता, आता खोलीतही लावला.

बाबांचं अजून अडलेलंच आहे. काल म्हणाले, "दोन फेज एकत्र आणले तर ४१५ येतात, २४० कुठनं येणार? आणि हीटरला न्यूट्रल का नाही?" मला नीट सांगता आलं नाही.

थंडोबा:

बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्यांचं ४१५ थ्री-फेजचं. तिथे दोन फेजमध्ये १२० अंशांचं अंतर असतं, म्हणून २४० ला तीनच्या वर्गमुळाने गुणलं की ४१५. इथे घरात थ्री-फेज येतच नाही. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचं एकच गुंडाळं मधोमध टॅप केलेलं असतं, म्हणजे मध्यातून एक तार बाहेर काढलेली असते. मधला टॅप न्यूट्रल, दोन टोकं दोन फेज. टोकापासून मध्यापर्यंत १२०, टोकापासून टोकापर्यंत २४०. हीटर दोन टोकांमध्ये बसतो, मधल्या टॅपशी त्याचा संबंधच नाही, म्हणून न्यूट्रल नाही. कागदावर गुंडाळं काढून दाखवा, वायरमन माणसाला एका चित्रात कळेल.

यातूनच पुढचा धोका निघतो. तुमच्या केबलमध्ये एक काळी, एक पांढरी आणि एक उघडी तांब्याची तार आहे. एरवी इथे पांढरी म्हणजे न्यूट्रल. पण या सर्किटमध्ये पांढरीही फेजच. म्हणून तिच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक डब्यात काळी किंवा लाल टेप गुंडाळायचीच. म्हणजे बाबांची सवय सांगणार काळी न्यूट्रल, तुमची सांगणार पांढरी न्यूट्रल, आणि खरं म्हणजे दोन्ही जिवंत! दोघांनीही रंगावर विश्वास ठेवू नका. ब्रेकर बंद, मग मीटर. काळी-पांढरी, काळी-अर्थ, पांढरी-अर्थ, तिन्ही जोड्या मोजा. त्याआधी तोच मीटर चालू सॉकेटवर लावून तो चालतोय याची खात्री करा आणि मोजून झाल्यावर पुन्हा एकदा.

तांब्याची_तार:

थंडोबांच्या म्हणण्यात हीटरच्या आतल्या जोडणीची भर घालतो, कारण लोक तिथेच चुकतात. हीटरच्या दोन्ही टोकांना जोडणीचा डबा असतो आणि प्रत्येकात कारखान्यातून दोन तारा एका टोपीखाली (तारांची टोकं जोडणारी, पिळून बसवायची प्लास्टिकची टोपी) जोडून आलेल्या असतात. तुम्ही ज्या टोकाने केबल आणाल त्याच टोकाची टोपी काढायची. सुट्या झालेल्या दोन तारांपैकी एकीला काळी, दुसरीला टेपवाली पांढरी. दुसऱ्या टोकाची टोपी जशी आहे तशी राहू द्यायची. उघडी तार हिरव्या स्क्रूला. केबल डब्यात शिरते तिथे क्लॅम्प हवाच, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. पुढच्या हीटरला त्याच डब्यातून समांतर जोडणी. पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा इथे चालत नाही. प्रत्येक सांधा योग्य मापाच्या टोपीखाली, डब्यात, आणि डबा नंतर उघडता येईल असा. हे बाबांना आवर्जून सांगा.

थर्मोस्टॅट लाइन व्होल्टेजचा, म्हणजे थेट २४० व्होल्टवर चालणारा घ्या. वर फर्नेससाठी असतो तो २४ व्होल्टचा असतो, तो इथे लावला तर जळेल. हीटरचा व्होल्टेजही खोक्यावर नव्हे, हीटरवरच्या माहितीच्या पट्टीवर वाचा. १२० चा हीटर चुकून २४० ला लागला तर चौपट वॉट ओढतो.

हीटरच्या वर सॉकेट नको. त्यात खुपसलेली वायर खाली लोंबून तापत राहते.

शेवटचं आणि सगळ्यात गंभीर: मेन ब्रेकर पाडला तरी पॅनेलमध्ये रस्त्यावरून येणाऱ्या दोन जाड तारा जिवंतच असतात. त्या बंद करणं तुमच्या हातात नाही. तेवढं शेवटचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनला द्या आणि १०० अँपिअरच्या सर्व्हिसवर (घराला येणाऱ्या वीजजोडणीवर) हा भार बसतो का, तो हिशोबही त्याच्याकडून लेखी घ्या. ते कागदावर कसं दाखवायचं, हे आधी ऑफिसात विचारा.

इचलकरंजीचा_मी:

मंडळी, दहा दिवसांनी येतोय. सगळं सांगतो.

परवाना मिळाला. पॅनेलचं काम इलेक्ट्रिशियनकडे दिलं. ड्रायर आणि एसी धरूनही भार बसतो असा हिशोब त्याने करून दिला. उन्हाळ्यात एसी आणि हिवाळ्यात हीटर एकत्र चालत नाहीत, त्यामुळे दोन्हींपैकी मोठाच भार धरतात, हे त्याच्याकडून कळलं.

बाबांना गुंडाळ्याचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, "म्हंजे सेंटर टॅप. मग असं सांग की!" काळ्या तारेबद्दल मी सरळच बोललो. म्हटलं, बाबा, मला तुमच्या हाताची भीती वाटते, कारण तो हात इतका तयार आहे की डोळ्यांना विचारतच नाही. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "तू कर, मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. मी स्वस्तात मिळाला म्हणून सिंगल-पोल थर्मोस्टॅट आणला होता. त्यांनी तो उलटा करून स्क्रू मोजले आणि विचारलं, "यानं एकच फेज तुटणार. दुसरा हीटरमध्ये जिवंत राहतोय त्याचं काय?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दुपारी जाऊन दोन्ही थर्मोस्टॅट बदलून डबल-पोल आणले, दोन्ही फेज तोडणारे. १२ गेजची केबल हातात घेऊन त्यांनी "अडीचपेक्षा जाड, चारपेक्षा बारीक" असं आपल्याकडचं स्क्वेअरचं (चौरस मिलिमीटरचं) मापही सांगितलं. नंतर पाहिलं तर ३.३ निघालं.

एका जागी केबल लाकडाच्या कडेपासून सव्वा इंचापेक्षा जवळ होती. तिथे लोखंडी पट्टी ठोकायला तपासनिसाने सांगितलं. बाकी पहिली तपासणी पार पडली. हीटर पहिल्यांदा लावले तेव्हा वास आला आणि आई दचकून उठलीच, पण ती आतली धूळ होती, तासाभरात गेला.

आता फक्त शेवटची तपासणी राहिली आहे, मंगळवारी. आईने खिडकीसाठी गावाहून कापड आणून जमिनीपर्यंत लांब पडदे शिवले होते. हीटरच्या माहितीपत्रकातलं अंतर मोजून मी भिंतीवर पेन्सिलने खूण केली आहे. आई आत्ता तिथपर्यंत पडदे आखूड करतेय.